तीन कोंबडे, एक माकड

ओत्गोन चेंडू उचलायला वाकला आणि तिघं जण धावत आले.

"दादा, दादा, राहू द्या!" मासळीवाला दोकसू ओरडला. "कंबर सांभाळा!"

"तुम्ही वाकायचं नाही, सांगितलंय ना?" टॅक्सीवाल्या चांगशिकनं चेंडू त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. "इनग्यू! अरे ए इनग्यू! मोठे दादा इथं वाकतायत आणि तू तिकडं बुटाच्या नाड्या बांधत बसलायस? लाज आहे का काही?"

इनग्यूचं केस कापायचं दुकान होतं. तो क्लबात वयानं सगळ्यांत लहान, त्यामुळे जाळी, खांब आणि चेंडू भरलेली भली मोठी पिशवी त्याच्याच खांद्यावर असे. तो पिशवीसकट धावत आला, ओत्गोनपुढे वाकला, थर्मासमधून आल्याचा चहा ओतला आणि पेला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

ओत्गोननं चहा घेतला. दुसरं काय करणार? आदल्याच दिवशी त्यानं एका आजीबाईंचा फ्रिज चौथ्या मजल्यावरून जिन्यानं खाली आणला होता, एकट्यानं, पाठीवर बांधून. गल्ली अरुंद होती, सामान उतरवायचा शिडीचा ट्रक आत शिरत नव्हता. फ्रिजनंतर लाकडी कपाट आणलं आणि कपाटानंतर किमचीच्या लोणच्याचे रांजण, तेही भरलेले. घरं हलवून देणाऱ्या कंपनीत त्याचं कामच ते होतं. त्याच कमरेला रविवारी मात्र चेंडू उचलायची बंदी होती.

हे सगळं सुरू झालं वसंतात, आणि सुरू झालं एका माकडामुळे.

ओत्गोन मंगोलियातून देजॉन शहरात आला त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. पाच भावांतला तो शेंडेफळ. घरी होता तोवर सकाळी डोळे उघडल्यापासून चौघं भाऊ त्याच्यावर ओरडत, आणि ते दमले की आई ओरडे. "ओत्गोन, शेण गोळा कर. ओत्गोन, घोडं बांध. ओत्गोन, तुझे पाय मोडलेत का?" देजॉनमध्ये त्याच्यावर कोणी ओरडत नसे. लोक वाईट नव्हते. ज्यांचं सामान हलवायचं ते त्याला थंड पाण्याची बाटली देत, आभार मानत, दार लावून घेत. रविवारी त्याला काही काम नसे. मग तो ओढ्याकाठी जाऊन बसे, कारण अख्ख्या शहरात वारा तेवढा तिथंच मोकळा वाहायचा.

ओढ्यावरच्या पुलाखाली जोकगूचं मैदान होतं. कमरेएवढी जाळी, चौघं इकडे आणि चौघं तिकडे. चेंडूला हात लावायचा नाही, पाय नाहीतर डोकं चालवायचं. एका रविवारी चेंडू मैदानातून सुटला आणि थेट पाण्याच्या दिशेनं निघाला. ओत्गोन उठला, चेंडू छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि टाचेनं असा मारला की तो जाळीवरून जाऊन पलीकडच्या कोपऱ्यात रेषेवर टेकला.

मग क्लबचे अध्यक्ष ह्वांग पुढे आले. त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, आणि माणसाकडे पाहतानाही ते कुलपाकडे पाहावं तसं, डोळे बारीक करून पाहत.

"तुम्ही कुठल्या क्लबचे?"

"सामान हलवायच्या कंपनीचा," ओत्गोन म्हणाला.

"जेवलात का?"

त्यानंतर सगळे सूपच्या दुकानात गेले. ओत्गोनला मध्ये बसवलं. वाट्या आल्या, तांदळाच्या दारूची किटली आली, पण कोणी ओतेना. सगळे अवघडून बसलेले. पाहुण्याचं वय कळल्याशिवाय ओतायचं तरी कसं? कोणी कोणाला अरे म्हणायचं, कोणी अहो म्हणायचं, पहिला पेला कोणाचा, पिशवी कोणाच्या खांद्यावर, सगळं त्यावर ठरतं. शेवटी ह्वांगनी घसा साफ केला.

"तुमचं साल कुठल्या जनावराचं?"

ओत्गोनचा चेहरा खुलला. दर सालाला एक जनावर, अशी बारा वर्षांची बारा जनावरं त्याच्या गावीही हीच होती, ह्याच क्रमानं. ह्या शहरात आल्यापासून विचार न करता उत्तर देता येईल असा हा पहिलाच प्रश्न.

"माकड!" तो म्हणाला.

"माकड," ह्वांग म्हणाले आणि त्यांनी ओत्गोनच्या केसांकडे पाहिलं. केस पांढरेशुभ्र होते. ओत्गोनच्या घरी सगळ्यांचेच केस तिशीत पांढरे होत, आणि गावच्या वाऱ्यानं तोंडाला लहानपणीच सुरकुत्या पाडलेल्या. दोकसूनंही केसांकडे पाहिलं. चांगशिकनं बोटांवर मोजलं. बारा वर्षांनी माकड पुन्हा येतं. धाकटं माकड म्हणजे चाळिशीच्या अलीकडचं, थोरलं म्हणजे पन्नाशीच्या पलीकडचं. ह्या केसांचं माकड धाकटं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

"बाप रे," चांगशिक म्हणाला. "आम्ही तिघंही कोंबडे. म्हणजे हे आमच्याहून एक वर्षानं मोठे!"

बाकडी सरकली. दोकसू उठला, चांगशिक उठला, आणि सगळ्यांत शेवटी, जरा हळू, ह्वांगही उठले. तिघं वाकले. क्लब स्थापन झाल्यापासून पहिला पेला ह्वांगचा असे, कारण तिघा कोंबड्यांत त्यांचा महिना सगळ्यांत आधीचा. त्या दिवशी तो पेला ओत्गोनपुढे गेला. ओत्गोनला वाटलं, ह्या शहरात माकडाला फार मान आहे. तोही उठून वाकला.

खरा घोटाळा त्याच्या लक्षात यायला दोन-तीन रविवार गेले. लक्षात आला तेव्हा तो लगेच दोकसूकडे गेला. दोकसू मनानं मोकळा माणूस.

"दोकसूदादा, मला काहीतरी सांगायचंय."

"मला दादा? अहो, मला नुसतं दोकसू म्हणा!"

"नाही, तेच सांगतोय. मी लहान आहे. तुमच्याहून पुष्कळ लहान."

दोकसूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मागे वळून ओरडला, "ऐकलंत का रे? दादा म्हणतात, मी लहान आहे! आणि आमचे अध्यक्ष! एका महिन्यानं मोठे, तर आम्हाला खुर्ची आणायला लावत होते!"

ह्वांगनी दुसरीकडे पाहिलं.

"तसं नाही," ओत्गोन म्हणाला. "मी अजून चाळीसचाही नाही."

"मनानं, दादा!" चांगशिक म्हणाला. "मनानं तर मी वीसचा आहे. गुडघ्यांना विचारा."

आणि त्यानं स्वतःच्या खिशातली गरम पट्टी काढून ओत्गोनच्या गुडघ्यावर चिकटवली. तो एवढ्या प्रेमानं चिकटवत होता की ओत्गोनला पाय मागे घेता येईना.

मान मिळाला की खेळ जातो, हे त्याला तेव्हा कळलं. त्याच्याकडे चेंडू यायचा तो उशीवर ठेवावा तसा हळूच. समोरचे लोक त्याच्या बाजूला जोरात मारतच नसत. त्यानं उडी मारायला पाय उचलला की चौघं एकदम "नको, नको!" म्हणत. चार गुण झाले की इनग्यू त्याच्या जागी उतरे आणि ओत्गोन काठावर, खास त्याच्यासाठी आणलेल्या गादीवर जाऊन बसे. गादीवर बसून तो दुसऱ्यांच्या उड्या पाही आणि त्याचे पाय आपोआप हलत. हे पाहून दोकसू म्हणे, "दादांच्या पायांत मुंग्या येतायत वाटतं," आणि इनग्यूला पाय चेपायला पाठवी.

दर रविवारी त्याच्या आईचा फोन येई.

"तिथं तुझ्यावर कोणी ओरडतं का?"

"नाही आई. सगळे फार मान देतात."

आई म्हणे, "बरं. नीट जेवत जा हं, बाळा." आजारी माणसाशी बोलावं तसं.

पावसाळा सरता सरता ओत्गोननं ठरवलं की केसांचंच काहीतरी करायचं. घोटाळा केसांनी केलाय, तर निस्तरावाही केसांनीच. तो इनग्यूच्या दुकानात गेला आणि खुर्चीत बसला.

"काळे करा."

इनग्यूचा हात हवेतच थांबला. "दादा... कोणासाठी?"

"कोणासाठी नाही. मी तरुण आहे म्हणून."

"आहातच!" इनग्यू म्हणाला आणि आरशातून त्याच्याकडे पाहून हसला. रंग लावून होईपर्यंत तो गाणं गुणगुणत होता. ओत्गोन दुकानातून बाहेर पडला तेव्हा दहा वर्षं आधी दिसायचा तसा दिसत होता. आता रविवारी कोणाला काही सांगायचीही गरज पडणार नाही, असं त्याला वाटलं.

रविवारी सगळे रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"कोण आहेत त्या?" चांगशिकनं विचारलं.

"कोण कोण?"

"लाजू नका हो! ह्या वयात एकटं राहणं बरं नाही. सूपच्या दुकानातल्या ओक्सूनबाई पण एकट्याच आहेत. त्यांनी मागच्या आठवड्यात विचारलं मला, तुमचे ते पांढऱ्या केसांचे दादा बरेच दिवस आले नाहीत म्हणून."

"मी नाही रंगवले लग्नासाठी!"

"कोण म्हणतंय लग्न?" दोकसू म्हणाला. "आधी सूप प्या."

त्या दुपारी ओक्सूनबाईंनी ओत्गोनच्या वाटीत मांसाचे तुकडे इतके घातले की सूप कडेनं सांडलं. त्या साठीला टेकल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पांढरे बरे दिसत होते." एवढंच. महिन्याभरात मुळांशी पांढरं दिसू लागलं आणि ओत्गोननं नाद सोडला.

शरदात शहराच्या स्पर्धा जाहीर झाल्या. दोकसू मासे कापायचं टाकून, एप्रनवरच मैदानात आला.

"पन्नाशीचा गट! ह्या वर्षी आपण उतरायचं! कोंबड्यापर्यंत घेतात, त्याच्या मागून येणाऱ्या कुत्र्याला पुढच्या वर्षी. आपण तीन कोंबडे होतोच, चौथ्यासाठी अडलं होतं. आता दादा आहेत. तीन कोंबडे, एक माकड. चौघं पुरे!"

सगळे ओरडले. फक्त दोघं ओरडले नाहीत. एक ओत्गोन. दुसरे ह्वांग.

"माझा गुडघा दुखतोय," ह्वांग म्हणाले.

"गुडघा तर चांगशिकचा दुखतो!"

"माझाही दुखायला लागलाय. शिवाय त्या दिवशी दुकान आहे."

"रविवारी?"

"रविवारीच लोकांच्या किल्ल्या हरवतात." ह्वांग पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, काढत होते. "आणि स्पर्धा म्हणजे काय असतं? धक्काबुक्की, ऊन, कसले कसले कागद दाखवा. आपण इथं सुखात खेळतोय ना?"

दर वर्षी "स्पर्धेत उतरू" म्हणून टेबलावर मूठ आपटणारा हाच माणूस. ह्वांग घरी गेल्यावर दोकसू सगळ्यांना म्हणाला, "तुम्हाला कळत नाही का? पहिला पेला गेला ना हातचा. माणूस जळतोय आतून."

ओत्गोनला फार वाईट वाटलं. एका भल्या माणसाचा पेला आपण घेतला, तोही खोट्या वयावर. वरून आता स्पर्धेत ओळखपत्र दाखवायची वेळ आली तर सगळा क्लब लबाड ठरेल. तो ह्वांगच्या दुकानात गेला. ह्वांग एका कुलपात तारा घालून बसले होते.

"अध्यक्ष, मी स्पर्धेत नाही उतरत. मी कोंबड्याच्या आधीचं माकड नाहीच. मी..."

ह्वांगनी तार खाली ठेवली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आशेसारखं उमटलं. तेवढ्यात दार उघडून दोकसू आत आला.

"दादा इथं? अध्यक्षांची समजूत घालायला आलात? बघा अध्यक्ष, बघा! एवढा मोठा माणूस पायरी उतरून तुमच्याकडे आला. आता तरी नाही म्हणू नका!"

ह्वांगनी ओत्गोनकडे पाहिलं, ओत्गोननं ह्वांगकडे. दोघांनाही काहीतरी म्हणायचं होतं. दोकसूनं त्या दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि वरून स्वतःचा हात ठेवला. त्याच्या हाताला बांगड्याचा वास होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सगळे एकाच टॅक्सीत कोंबून गेले. इनग्यू पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटच्या कोपऱ्यात बसला होता, खांबाचं टोक त्याच्या कानाला लागत होतं. मैदानात तंबू होते, टेबलं होती, प्रत्येक टेबलावर गटाचं नाव. पन्नाशीच्या टेबलामागे उन्हाची टोपी घातलेल्या एक बाई बसल्या होत्या.

"ओळखपत्रं द्या," त्या म्हणाल्या.

दोकसूनं आपलं दिलं. चांगशिकनं आपलं दिलं. ह्वांग एक खिसा चाचपत होते, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. ओत्गोन आपलं कार्ड मुठीत घट्ट धरून उभा होता. त्याला घरची आठवण झाली. तिथं खोटं बोलल्यावर थोरला भाऊ एक टपली द्यायचा आणि प्रकरण संपायचं. इथं टपली द्यायला कोणी नव्हतं, म्हणून तर ते एवढं वाढलं.

तो पुढे झाला. "थांबा," तो म्हणाला. "मी माकड आहे. पण धाकटं माकड."

"म्हणजे?" दोकसूनं विचारलं.

"तुम्ही एक फेरा जास्त मोजलात. बारा वर्षं खाली या. मी सांगत होतो, तुम्ही ऐकत नव्हता."

त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. बाईंनी पाहिलं, वर केसांकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. "खरंय," त्या म्हणाल्या. "ह्यांना इथं खेळता येणार नाही."

मग चांगशिकचा चेहरा लाल व्हायला लागला, मानेपासून वर.

"मी तुझ्या गुडघ्याला पट्ट्या लावल्या! माझ्या! रोज टॅक्सीत बसून माझे गुडघे ठणकतात, आणि मी त्या काढून तुला लावल्या!"

"मी तुला दादा म्हटलं," दोकसू म्हणाला. "मी तुझ्या वाटीत माशाचं डोकं घातलं. डोकं! मी माझ्या सासऱ्याला कधी डोकं दिलं नाही!"

"मी खात नव्हतो तर तुम्ही म्हणालात, लाजताय," ओत्गोन म्हणाला.

"उलट बोलू नकोस मोठ्यांना!"

हे म्हटल्यावर दोकसू स्वतःच दचकला. इतके महिने अहो म्हणणारी जीभ अशी एका क्षणात वळली. ओत्गोनलाही पाठीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, चौथ्या मजल्यावरचा फ्रिज खाली टेकवल्यावर वाटतं तसं.

मागे धप्प आवाज झाला. इनग्यूनं पिशवी खाली टाकली होती. तो बोटांवर मोजत होता. एकदा मोजून झालं, खात्री करायला पुन्हा मोजलं.

"मी ड्रॅगनचा," तो पुटपुटला. "ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड. म्हणजे हा... हा माझ्याहून लहान आहे?" त्याचा आवाज चिरकला. "मी ह्याचे पाय चेपले!" आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की ऊन पडल्यासारखं वाटलं. त्यानं पिशवी उचलली आणि ओत्गोनच्या खांद्यावर अडकवली. पट्टा नीट बसवून दिला. दोन पावलं मागे सरून पाहिलं. "हात लावू नकोस," तो म्हणाला. "अशीच राहू दे. छान दिसतेय."

आश्चर्य म्हणजे ह्वांग मुळीच रागावले नव्हते. उलट ते फुलून आले होते.

"जाऊ द्या, जाऊ द्या," ते म्हणाले. "पोरगं आहे. चूक आपलीच, नीट विचारलं नाही. चौघं नाहीत म्हटल्यावर नाव मागे घेऊ या. माझं ओळखपत्रही सापडत नाहीये तसं. चला, सूप प्यायला मीच नेतो सगळ्यांना."

तेवढ्यात शेजारच्या, चाळिशीच्या गटाच्या रांगेतून एक जाडजूड माणूस दोन्ही हात पसरून धावत आला.

"ह्वांग! अरे कुलपा! तूच ना रे? मी क्योंगमान! एका बाकावर बसायचो, विसरलास?"

"तुम्हाला कोणी वेगळं वाटलं असेल," ह्वांग म्हणाले.

"वेगळं काय वेगळं! कान बघ हे! असे कान अख्ख्या शाळेत एकाचेच होते." क्योंगमाननं त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि टेबलावरच्या पाटीकडे पाहिलं. "पण तू म्हाताऱ्यांच्या रांगेत काय करतोयस? आपण दोघं कुत्रे ना! आपला नंबर पुढच्या वर्षी! चल तिकडं, चाळिशीत चल."

त्याच्या क्लबातून कोणीतरी हाक मारली तसा तो आला तसा धावत गेला. जाताना ह्वांगचा कान ओढून गेला.

दोकसूनं डोक्यावरची टोपी काढली. ती झटकली. पुन्हा घातली.

"कुत्रा," तो म्हणाला.

"एका वर्षानं काय होतं रे?" ह्वांग म्हणाले. त्यांचा आवाज किल्लीच्या भोकातून आल्यासारखा येत होता. "तेव्हा क्लब नवा होता. तुम्ही दोघं कोंबडे म्हणालात, मग माझ्याही तोंडून निघून गेलं. एकदा गेलं की परत कसं घेणार?"

"काय होतं?" दोकसू म्हणाला. "एका वर्षानं काही होत नाही, तर एवढी वर्षं माझ्याकडून पेला का भरून घेतलात? का भरून घेतलास?" आणि एकदम काहीतरी आठवून तो चांगशिककडे वळला. "चांगशिक, तुझा महिना कुठला?"

"सहावा."

"माझा चौथा."

हळूहळू दोकसूची छाती वर आली. मासळीबाजारात उभं आयुष्य गेलेला माणूस, पण त्या क्षणी तो एखाद्या राजासारखा उभा होता. चांगशिकनं ते पाहिलं आणि उसासा टाकून त्याच्यापुढे वाकला. इनग्यू वाकला. ओत्गोन पिशवीसकट वाकला. शेवटी ह्वांग वाकले, आणि कान लाल होईपर्यंत वर उठले नाहीत.

"तुमचं झालं का?" टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "मागे रांग लागलीय. दोन कोंबडे, एक कुत्रा आणि धाकटं माकड एकत्र खेळवायचं असेल तर त्या टोकाला खुला गट आहे. तिथं कोणीही चालतं."

खुल्या गटात कॉलेजची पोरं होती. त्यांनी समोर हे चौघं पाहिले, ओत्गोनचे मुळांशी पांढरे केस पाहिले, आणि आदरानं वाकून पहिला चेंडू हळूच त्याच्याकडे टाकला.

"आता बघत काय उभा राहिलायस?" मागून दोकसू गरजला. "उडी मार की, माकडा!"

इतक्या महिन्यांत त्याला हे पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं. ओत्गोन उडाला. कपाटं, रांजण आणि फ्रिज वाहून तयार झालेल्या मांड्या त्याला जाळीच्या कितीतरी वर घेऊन गेल्या. पाय डोक्याच्या उंचीवर गेला आणि चेंडू पोरांच्या मधोमध असा आदळला की त्यातला एक जण खालीच बसला.

"अरे, हे होतं तुझ्याकडे?" चांगशिक किंचाळला. "आणि आम्ही तुला गादीवर बसवत होतो? गाढवा!"

"तुम्हीच बसवलंत!"

"उलट बोलू नकोस! डावीकडे सर!"

पहिला सामना त्यांनी जिंकला. सबंध सामन्यात चौघं एकमेकांवर एवढे ओरडले की पंचांनी दोनदा ताकीद दिली. दुसऱ्या सामन्यात चांगशिकचा गुडघा खरंच धरला आणि ह्वांग आपल्याच सहकाऱ्याला धडकले. ते सपाटून हरले. पोरांनी जाताना ओत्गोनला विचारलं, "काका, तुमचं वय काय?" पाचही जण एका आवाजात ओरडले, "ते विचारू नका!"

ओक्सूनबाईंच्या दुकानात बसायला जागा ठरवण्यात बराच वेळ गेला. दोकसू मधल्या जागी बसला. ह्वांगना दोन जागा खाली सरकावं लागलं. किटली आली. सगळे ह्वांगकडे पाहत होते. ह्वांगनी दोन्ही हातांनी किटली धरली आणि दोकसूचा पेला भरला. एक थेंबही सांडला नाही. दोकसूनं पेला उचलला, चव घेतली, डोळे मिटले.

"वेगळीच लागते," तो म्हणाला. मग त्यानं किटली ह्वांगच्या हातातून काढून घेतली. "आण तुझा पेला, कुत्र्या. अध्यक्ष मात्र तूच राहा. हिशेब मला जमत नाही."

ओत्गोनची जागा दाराशी होती, जिथून बुटांचा ढीग दिसतो आणि वाऱ्याची झुळूक थेट मानेवर येते. चमचे मांडायचे त्यानंच, किमचीची वाटी पुन्हा भरून आणायची त्यानंच. ओक्सूनबाई सूप घेऊन आल्या तेव्हा त्यांनी त्याला ते वाटून द्यायला लावलं.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" त्यानं हळूच विचारलं.

"तू चार वाट्या भात खायचास," त्या म्हणाल्या. "ह्या म्हाताऱ्यांना दोन जात नाहीत. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. मांस तर मिळतंय बिचाऱ्याला. आता मात्र इतरांएवढंच मिळेल."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. आई होती. तो दाराकडे तोंड करून बोलू लागला.

"जेवतोयस का?"

"बसलोय आता."

"आवाज कसला येतोय एवढा? भांडण चाललंय का तिथं?"

"नाही आई. खेळून आलोय."

मागून एकदम चौघांचे आवाज आले, एकावर एक. "ए माकडा! पाणी संपलं इकडं! फोनवर काय गप्पा मारत बसलायस? आणि पिशवी दारातच टाकलीस, कोणी अडखळून पडलं म्हणजे? ओत्गोन! पाय मोडले का तुझे?"

भाषा आईला कळत नव्हती. पण ती काही वेळ कान देऊन ऐकत राहिली.

"कोणावर ओरडतायत ते?" तिनं विचारलं.

"माझ्यावर."

पलीकडे आईनं मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस?" ती ओरडली. "जा, पाणी दे आधी त्यांना!" आणि तिनं फोन ठेवून दिला.